तीन हजार वर्षं आणि चिंचेचा कोळ

माझ्या आत्यावर अन्याय झाला. १९८४ सालच्या दसऱ्याला, गुरुवारी, संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास, बहरीनमधल्या सनद भागातल्या एका बंगल्याच्या दिवाणखान्यात, अकरा माणसांसमोर. अन्याय करणारा माणूस मराठी होता आणि बघणारी अकराही माणसं मराठी होती. त्यांतली एक मी. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे 'परक्या मुलुखात असं व्हायचंच' असं म्हणून कुणाला सुटका करून घेता येणार नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. आमचं घराणं पुण्याचं, तांबटांचं. आजोबा तांब्याचे हंडे-घंगाळी घडवायचे आणि बाबा लहानपणी दुकानाच्या पायरीवर बसून भांड्यांवर नावं घालायचे. लग्नसराईत लोक रांग लावत. बोटभर छिन्नी, छोटी हातोडी, आणि टकटक करत 'चि. सौ. कां. हिला सप्रेम भेट' किंवा 'कै. तीर्थरूपांच्या स्मरणार्थ'. स्टील आलं, नावं घालायची यंत्रं आली, दुकान मिटलं. बाबा बहरीनला गोदीत फिटर म्हणून लागले. आम्ही बुसैतीनला दोन खोल्यांत राहायचो. मी पुण्यात कॉलेज करून, आणि कॉलेजपेक्षा जास्त पत्रकं वाटून, एकविसाव्या वर्षी तिथं गेले आणि मनामातल्या एका ऑफिसात टायपिस्ट झाले.

आत्या विधवा. मूलबाळ नाही. बाबांच्या ओळखीतल्या एका मराठी बँकवाल्यांना स्वयंपाकाला बाई हवी होती. त्यांनी आत्याला आपल्या व्हिसावर बोलावून घेतलं. मी त्यांना काका-काकू म्हणायची, कारण तिथं सगळेच म्हणायचे. आत्यानं पहिल्या दिवशी त्यांना साहेब म्हटलं तेव्हा काका म्हणाले होते, "साहेब काय? दादा म्हणा. तुम्ही घरातल्याच." घरातल्या माणसाचा पासपोर्ट काकांच्या कपाटात असे. घरातल्या माणसाला शुक्रवारी दुपारी चार तास सुट्टी असे, ती आमच्याकडे यायची. पण खोटं कशाला सांगू, आत्या तिथं सुखी होती. काकूंचा तिच्यावर जीव होता. काकूंची दोन्ही मुलं ईसा टाउनच्या शाळेतून बसनं घरी आली की आधी स्वयंपाकघरात शिरायची. आत्या मराठीत विचारायची, मुलं इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि तिघांचं उत्तम चालायचं.

आता ते भांडं.

काकांनी ते हाँगकाँगहून आणलं होतं. दिवाणखान्यात काचेच्या कपाटात, आत छोटा दिवा लावून ठेवलेलं. गोल पोटाचं, तीन पायांचं, वर दोन कान, अंगावर भुवया उंचावल्यासारखा एक चेहरा, आणि सगळं हिरवं. शेवाळासारखं हिरवं. पाहुणा आला की चहाच्या आधी भांडं. काका कपाट उघडायचे, पण हात लावू द्यायचे नाहीत.

"तीन हजार वर्षांपूर्वीचं," काका सांगायचे. "प्राचीन चीनमधलं देवपूजेचं भांडं. पितरांना नैवेद्य दाखवायचं. आत बघा, अक्षरं आहेत. राजानं एका माणसाचा मान केला, म्हणून त्यानं वडिलांच्या नावे हे करवून घेतलं. आणि शेवटी लिहिलंय, मुला-नातवांनी हे कायम जपावं आणि वापरावं."

मग आवाज खाली आणून म्हणायचे, "आणि गंमत म्हणजे ही अक्षरं कोरलेली नाहीत बरं का. मातीच्या साच्यातच उठवलेली. भांडं ओतलं तेव्हा अक्षरंही ओतली गेली. हीच खरी ओळख."

हे व्याख्यान मी पाच-सहा वेळा ऐकलं असेल. ते चुकीचं नव्हतं. मी नंतर वाचून खात्री केली, त्या काळची भांडी तशीच करत. आणि मला ते ऐकायला आवडायचं, हेही कबूल करते. कुठल्या तरी मुलानं बापाची आठवण धातूत घालून ठेवली, नाव कुणाचं, कशासाठी, सगळं. पुण्यातल्या पायरीवर माझे बाबा दुसरं काय करत होते?

आत्याला ते पहिल्याच दिवशी कळलं होतं. चहाचा ट्रे हातात धरून ती म्हणाली, "म्हणजे आपल्यासारखंच की. वडिलांच्या स्मरणार्थ."

"अगदी बरोबर!" काका खूश झाले.

"मग मुला-नातवांनी विकलं कसं?"

पाहुणे हसले. काकाही हसले, पण जरा उशिरा.

"आणि कायम वापरा म्हणून लिहिलंय, तर वापरत का नाही कुणी?"

"आत्या, तुम्ही चहा द्या," काकू म्हणाल्या.

दसऱ्याच्या दिवशी दुपारी मी मदतीला गेले होते. गुरुवारी ऑफिस अर्धा दिवस. संध्याकाळी दहा-बारा माणसं येणार होती. मी स्वयंपाकघरात चक्का गाळत बसले होते. काकू बाहेर जाताना दारातून ओरडून गेल्या, "आत्या, देवाची भांडी राहिलीत हं! बाहेरची, आतली, तांब्या-पितळेची सगळी घासून ठेवा. आज कुठं काळं-हिरवं दिसायला नको."

आत्यानं चिंच भिजत घातली, कोळ काढला, मीठ घेतलं. समई, तांब्या, ताम्हन, निरांजनं, अभिषेकाचं पात्र. सगळं उन्हासारखं झालं. मग ती पदराला हात पुसत दिवाणखान्यात गेली आणि ते भांडं दोन्ही हातांत धरून घेऊन आली.

मी बघितलं. माझ्या लक्षात आलं. मी एवढंच म्हणाले, "आत्या, हे पण?"

"देवपूजेचं आहे ना? तेच सांगतात ना रोज? मग सणाला असं कळंक लागलेलं ठेवायचं?" तिनं नखानं कडेवर टिचकी मारली. "काशासारखं आहे बघ. आवाज ऐक."

ज्या घरात देवाच्या तांब्यावर हिरवा ठिपका दिसला तर सासू सुनेला धारेवर धरायची, त्या घरात वाढलेली बाई ती. हिरवं म्हणजे कळंक. कळकलेलं भांडं म्हणजे आळस, अपमान आणि वर विष. कुठल्याही तांबटाच्या मुलीला विचारा. मला वाटलं, काकूंनी सांगितलंय म्हणजे सांगितलंय. मी पुन्हा चक्क्याकडे वळले. माझा वाटा एवढा, तो मी नाकारत नाही.

हिरवं निघालं. पंधरा-वीस मिनिटांत निघालं. मोरीत हिरवट पाण्याचा जाड गाळ बसला, भिंतीच्या रंगाचा बसतो तसा. भांडं पिवळसर, तांबूस, गुळगुळीत झालं. तो चेहरा आता चक्क हसरा दिसायला लागला. आत्यानं ते पुसलं, कपाटात ठेवलं आणि त्याला हळदकुंकू वाहिलं. धाकटी मुलगी धावत आली. "आत्या, इट्स सो शायनी!"

"मग? देव आहे तो कुणाचा तरी," आत्या म्हणाली.

साडेसहाला पाहुणे आले. मुंबईहून विमानानं आलेली, वाटेत निम्मी सुकलेली आपट्याची पानं एकमेकांना दिली गेली. काका नवीन आलेल्या एका जोडप्याला कपाटाकडे घेऊन गेले, दिव्याचं बटण दाबलं आणि थांबले.

"हे काय?" असं ते आधी हळू म्हणाले. मग मोठ्यानं. "हे कुणी केलं?"

आत्या पुढे आली. तिला अजून कौतुकच होईलसं वाटत होतं. "मी घासलं, दादा. चिंचेनं."

"घासलं? तीन हजार वर्षं होती ती, बाई! तीन हजार वर्षं तुम्ही मोरीत ओतलीत!"

आत्याची बाई झाली ती त्या क्षणी. काका पुढेही बोलले. अडाणी म्हणाले. हात लावाल तिथं माती असं म्हणाले. उद्यापासून कामाला नको म्हणाले. काकू सोफ्याच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या. 'मीच सांगितलं' एवढे दोन शब्द होते. त्यांनी ते उच्चारले नाहीत. पाहुण्यांतला एकजण, बहुधा वातावरण हलकं करायला, म्हणाला, "बरं झालं, ताजमहालाला नाही हात लावला आत्यांनी." सगळे हसले. आत्या स्वयंपाकघरात गेली, सगळ्यांना वाढलं, आणि मग माझ्याबरोबर बुसैतीनला आली. गाडीत ती एकच वाक्य बोलली, "श्रीखंड कमी पडलं का गं?"

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी बाबा, आत्या आणि मी परत सनदला गेलो. बाबा माफी मागायला निघाले होते. व्हिसा काकांचा, शब्द काकांचा. वाटेत बाबा म्हणत होते, "अक्का, चूक झाली म्हण आणि मोकळी हो."

"चूक झाली तर म्हणेन," आत्या म्हणाली.

काका शांत झाले होते. भांडं टेबलावर होतं. बाबांनी हात जोडले आणि मग, तांबटाचा हात तो, विचारलं, "बघू का जरा?"

"आता काय बघायचं राहिलंय? बघा."

बाबा भांडं खिडकीशी घेऊन गेले. पालथं केलं, सुलटं केलं, आत बोट घातलं. अक्षरांवरून नख फिरवलं. एकदा, दोनदा.  मग अगदी खालच्या आवाजात, कुणाच्या घरी आजारी माणसाबद्दल बोलावं तसं म्हणाले, "साहेब, ही अक्षरं ओतलेली नाहीत."

"म्हणजे?"

"छिन्नीनं घातलीत. मागाहून. तुम्ही बोट फिरवा. छिन्नी धातू बाजूला सारते, तो कडेला वर उठतो. नखाला लागतो. मी लहानपणी दिवसभर हेच करायचो, शेवटी ती कड घासून बसवायची असते. यानं बसवलेली नाही. घाईत असेल." मग भांडं उजेडाकडे वळवून, "ओतलेलं अक्षर मातीतून येतं. त्याला अशी कड कुठून येणार?"

काकांनी बोट फिरवलं नाही.

"आणि तो हिरवा रंग. खरा कळंक धातूला आतून खातो. चिंचेनं उजळतं, पण डाग राहतात, खड्डे राहतात. इथं काही नाही. तो लावलेला होता, साहेब. तीन हजार वर्षांचा कळंक वीस मिनिटांत निघत नसतो."

 मी आनंदानं उडायची बाकी होते. सुटली आत्या, असं मला वाटलं. मूर्ख होते.

काका म्हणाले, "तुम्ही फिटर आहात."

"हो," बाबा म्हणाले.

"मग हे बाहेर बोलू नका." ते उठून खिडकीपाशी गेले. परत वळले तेव्हा आवाज एकदम मऊ होता. "हे बघा, आत्या. काल मी रागात बोललो. तुम्ही राहा. कुठं जायची गरज नाही. झालं ते झालं, आम्ही माफ केलं. लोकांना काय, भांडं खराब झालं ते दिसलंच आहे. तो विषय तिथंच खलास."

हा मुद्दा मला तेव्हा कळायला दोन मिनिटं लागली, आत्याला लागली नाहीत. खरं भांडं मोलकरणीनं बिघडवलं, ही गोष्ट काकांना चालणार होती. त्यात हळहळ होती, रुबाब होता. खोटं भांडं मोलकरणीनं उघडं पाडलं, ही चालणार नव्हती. म्हणून ते आत्याला ठेवायला तयार होते. दोषी म्हणून. घरातली दोषी.

आत्यानं पदर सारखा केला. "माफ कशाबद्दल केलं, दादा?"

"अहो, आता परत..."

"खरं असतं आणि मी घासलं असतं, तर चूक होती. पाय धरले असते. विचारून घ्यायला हवं होतं, तेवढं माझं चुकलंच. पण मी काही बिघडवलं नाही. काल ज्यांच्यासमोर बोललात, त्यांच्यासमोर एवढंच सांगा, हिनं बिघडवलं नाही. भांडं खोटं होतं असं नका सांगू. माझं तेवढं सांगा."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर पासपोर्ट द्या."

"अक्का!" बाबा म्हणाले.

"तू गप रे."

काका विचार करतो म्हणाले. आठ दिवस विचार केला, तोवर आत्या आमच्याकडेच राहिली.

त्या आठ दिवसांत मी माझं काम केलं. पत्रक लिहिलं. तीन पानं, हातानं, खाली रेघा मारलेली. 'सनदच्या बंगल्यातील बनावट पुराणवस्तू' असा मथळा. मराठी मंडळींच्या कोजागिरीच्या कार्यक्रमात वाटायचं असं ठरवलं होतं. बाबांनी कागद बघितला आणि पांढरे पडले. "इथं कागद वाटतात का? सगळ्यांना एका विमानात बसवून परत पाठवतील." ते खरंच होतं, पण मी बाबांना भेकड म्हणाले. ते शब्द परत घेता आले असते तर घेतले असते.

आत्या म्हणाली, "वाच बघू."

मी वाचलं. चांगलं ठणठणीत वाचलं. ती भाजी निवडत ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "छान लिहिलंयस. यात मी कुठाय?"

मी पुन्हा बघितलं. तीन पानांत काका होते, त्यांचा बंगला होता, हाँगकाँगचा व्यापारी होता, छिन्नी होती, शोषण होतं, वर्ग होता. आत्या एकदाच होती, 'एक गरीब स्त्री' म्हणून.

"तू त्यांना खाली पाडायला निघालीस," ती म्हणाली. "मला वर कुणी काढायचं?"

ते पत्रक मी वाटलं नाही. बाबांना घाबरून नव्हे, हे मात्र लिहून ठेवते.

आठव्या दिवशी काकू आल्या. एकट्याच, टॅक्सीनं. हातात आत्याची बॅग आणि पासपोर्ट. विमानाचं तिकीट पासपोर्टात घातलेलं. बसल्या, पाणी प्यायल्या, आणि रडायला लागल्या. "मीच सांगितलं होतं हो घासायला. मला आठवतंय. पण यांच्यासमोर कसं बोलू? त्यांची पोझिशन..."

आत्यानं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. खरंच फिरवला. मी दारात उभी राहून दात-ओठ खात होते आणि ती त्यांना समजावत होती की धाकटीला ताकातली भाजी आवडते, पण लसूण घालायची नाही, आणि थोरल्याला रात्री खोकला येतो. मग म्हणाली, "वहिनी, आता इथं बोललात ते तिथं बोलला असतात तर बरं झालं असतं." एवढंच. त्यात चीड नव्हती. त्या गेल्यावर तिनं बॅग उघडून सगळं नीट परत घडी घातलं.

विमानतळ आमच्या घराजवळच. बाबा ड्युटीवर होते, मी सोडायला गेले. तिनं मला बजावलं, बाबांशी नीट बोल. मी हो म्हटलं.

इथं संपलं असतं तर मी हे लिहायला बसले नसते. पण काकांचं म्हणणं खरं ठरलं, भांडं खराब झालं ते सगळ्यांना दिसलं होतं. कोजागिरीपर्यंत त्याचा किस्सा झाला होता. 'तीन हजार वर्षं मोरीत' असं म्हटलं की लोक हसून लोळायचे. काका स्वतः सांगायचे, छान सांगायचे, आत्याच्या आवाजाची नक्कल करून. भांडं मात्र कपाटातून गेलं होतं. दुरुस्तीला पाठवलंय म्हणे.

माणसं परत येतात आणि किस्से बरोबर आणतात. आत्यानं पुण्यात स्वयंपाकाची कामं धरली. एका घरी पहिल्याच आठवड्यात बाईंनी विचारलं, "तुम्ही बहरीनला होतात ना? मग तुम्हीच का त्या?" आणि सगळं हसून ऐकवलं. दुसऱ्या दिवसापासून चांदीची भांडी कुलपात. आत्यानं महिना भरला आणि काम सोडलं. मागच्या वर्षी एका लग्नात मी जेवायच्या पंगतीत तोच किस्सा ऐकला, ज्याला बहरीन नकाशात दाखवता येणार नाही अशा माणसाच्या तोंडून. आत्या माझ्या शेजारी बसली होती. तिनं पानातला भात कालवला. मी उठायला लागले तर माझं मनगट धरून ठेवलं. "लोकांचं लग्न आहे."

पाच वर्षं झाली. 'हिनं बिघडवलं नाही' हे एक वाक्य काकांनी आजवर उच्चारलेलं नाही. आता ते उच्चारतील असं मला वाटत नाही, आणि त्यांचं मन वळवायला मी हे लिहिलेलंही नाही.

मी तुमच्याशी बोलतेय. हा किस्सा तुम्ही ऐकला असेल. हसलाही असाल, मी तुम्हाला नावं ठेवत नाही, तुम्हाला अर्धाच सांगितला होता. आता पुरा माहीत आहे. म्हणून मागणी एकच. पुढच्या वेळी कुणी 'एका बाईनं तीन हजार वर्षांचं भांडं चिंचेनं घासलं' म्हणून सुरू केलं, की त्याला तिथंच थांबवा. लग्न असो, पार्टी असो, सांगणारा तुमचा साहेब असो. सगळ्यांसमोर मोठ्यानं सांगा की त्या बाईनं काहीही बिघडवलं नव्हतं. नंतर कोपऱ्यात घेऊन नको. तिथंच, तेव्हाच सांगा.